भाऊकी, भाऊबंदकी आणि सात-बारावरची सोळा नावं

पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा. पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली की कोणालाच बोलायला फुरसत मिळत नाही, म्हणून आताच लिहून टाकतो.

इटियाडोहच्या नहरीवरच्या कोणत्याही गावात जा. चहाच्या टपरीवर पाच मिनिटं बसलात तरी एक वाक्य कानावर पडतंच, "सात-बारा समाईक आहे ना भाऊ." धान आधारभूत केंद्रावर विकायचं तर सात-बारा पाहिजे, ई-पीक पाहणी पाहिजे. खातं समाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्रही पाहिजे. बोनसचे पैसे यायचे असले तरी तोच प्रश्न, कोणाच्या खात्यात? आणि हे हिस्सेदार कोण असतात? आपलेच चुलतभाऊ, चुलतबहिणी आणि वारलेल्या आत्याची लेकरं. म्हणजे ज्यांच्यासोबत आपण लहानपणी एका चटईवर झोपलो, त्यांच्या सह्या आता आपल्याला गोळा कराव्या लागतात.

आमच्याच घरचं सांगतो. आजोबांना तीन मुलं, दोन मुली. मोठेबाबांची पाच लेकरं, आम्ही चौघं, काकांची तीन, मोठ्या आत्याची चार, धाकट्या आत्याची तीन. आम्ही सगळे भाऊ-बहीण मिळून एकोणीस. मोठेबाबा, माझे वडील आणि मोठी आत्या आता नाहीत. वारसनोंदी होत गेल्या आणि आज आमच्या सात-बारावर १६ नावं आहेत. त्यातलं एक हैदराबादला, एक पुण्याला, दोन नागपूरला, एक भिलाईला. गावात राहून बांधीत उतरणारे चार.

इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द, कझिन. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस अशी चार नाती आहेत आणि चारही वेगळी चालतात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा मानलं आहे. उत्तरेत आते-मामे भावंडांचं लग्न चालत नाही, दक्षिणेत चालतं. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. आपल्या भागातल्या गोंड समाजात आते-मामे घरांतल्या अशा लग्नाला 'दूध लौटावा' म्हणतात. एका घरची मुलगी दुसऱ्या घरी गेली, तर तिच्या दुधाची परतफेड पुढच्या पिढीत व्हावी, असा त्यामागचा भाव.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चुलतभावाला आपण 'भाऊकी' म्हणतो, आणि भांडणालाही आपली भाषा 'भाऊबंदकी' म्हणते. एकाच मुळाचे दोन शब्द. कारण उघड आहे. चुलतभावाचा आणि आपला धुरा एक, बोडी एक, आजोबा एक. जिथे हिस्सा आहे तिथे हिशेब आहे, आणि जिथे हिशेब आहे तिथे कुरबूर आहे. आतेभाऊ-मामेभावाशी हिश्शाचा संबंध नव्हता, म्हणून ते नातं सुटीचं, मंडईचं आणि थट्टामस्करीचं राहिलं.

महाभारत आठवा. कौरव-पांडव चुलतभाऊ. कृष्ण पांडवांचा कोण? मामेभाऊ. कुंती ही वसुदेवाची बहीण. चुलतभावांची वाटणी पेटली तेव्हा शिष्टाईला मामेभाऊ गेला आणि शेवटी पाच गावांवर येऊन थांबला. त्याला हस्तिनापुरात हिस्सा नव्हता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. शिष्टाई फसली ती वेगळी गोष्ट. पण मध्यस्थ कुठून आणायचा, हे आपल्या लोकांना तेव्हाही माहीत होतं.

आता आमच्या एकोणीस जणांचं नातं घडलं कसं, ते सांगतो. हे वाचताना तुम्हाला तुमची माणसं आठवतील.

पहिली गोष्ट काम. रोवणीच्या दिवसांत शाळेला सुटी असो नसो, आम्ही बांधीवर असायचोच. बाया वाकून रोवणी करायच्या, मोठे चिखल करायचे आणि आम्ही लेकरं पऱ्ह्याच्या पेंढ्या धुऱ्यावरून पोचवायचो. कोण किती पेंढ्या नेतो यावर पैज. चिखलात पडलेल्याला उचलायच्या आधी सगळे पोटभर हसायचे. दुपारी धुऱ्यावरच भात आणि लाखोळीची डाळ. दिवाळीनंतर पुंजणे रचले जायचे, चुरणे सुरू व्हायचं, आणि राखणीच्या नावाखाली आम्ही खळ्यावर तणशीत झोपायचो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली. मोठ्या बहिणी पुढे, आम्ही डोळे चोळत मागे. एका झाडाखालची फुलं कोणाची, यावरून रोज भांडण आणि रोज समेट.

दुसरी गोष्ट मंडई. झाडीपट्टीबाहेरच्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं. दिवाळीत गायगोधन झालं, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई त्या गावच्या प्रत्येक घरी पाहुणे. रात्री नाटक किंवा दंडार. वडशाच्या नाटक कंपन्यांचं नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेच संपतं. आपल्या झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, आठवतं का? पण ही रंगभूमी टिकवण्यात त्या पाहुण्यांचाही वाटा आहे, जे आते-मामे भावंडांच्या घरी जेवून, घोंगडी-शाल घेऊन मांडवात जाऊन बसतात. मंडई ही एका अर्थानं नात्यांची वार्षिक हजेरीच. कोण आलं, कोण नाही आलं, का नाही आलं, सगळं त्या रात्री कळतं.

तिसरी गोष्ट गाडी. गोंदिया ते चांदाफोर्ट ही लाइन आधी छोटी होती. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड. आपल्या सगळ्या सोयरिकी या लाइनीवर बांधलेल्या. गाडी हळू चालायची, पण आत्या वडशाहून सकाळी निघाली की दुपारपर्यंत अंगणात. तिच्या चार लेकरांपैकी दोन सुटी संपली तरी इथेच राहायची. "राहू दे जी, दोन तोंडं जास्तीची," असं मोठीआई म्हणायची. एवढ्या मोठ्या घरात दोन तोंडं मोजतं कोण?

प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा तर वेगळीच. डोंगरावर महादेव आणि दर्गाही, सगळे लोक दोन्हीकडे डोकं टेकवणारे. आम्ही एकोणीसच्या एकोणीस जण यात्रेला गेलो, असं एकदाच झालं. त्याचा फोटो काकांच्या घरी भिंतीवर आहे. फोटोत मोजले तर अठराच भरतात. एक जण जिलेबीच्या दुकानात होता.

हे सगळं गोड-गोड वाटतं, म्हणून आता कडू सांगतो.

एका वर्षी सप्टेंबरात पाऊस थांबला. धान गर्भावर आलेलं, म्हणजे पाण्याचा खरा वेळ. आमची शेती टेलकडे, नहरीचं पाणी पोचायला उशीर. बोडीत जे होतं तेवढंच. माझ्या दोन चुलतभावांच्या बांध्या त्या बोडीखाली, एकाची वर, एकाची खाली. रात्री कोणीतरी पाट फोडून पाणी खाली घेतलं. सकाळी धुऱ्यावर जे झालं ते लिहीत नाही. पण त्यानंतर सहा वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याच्या घरी गेली नाही. मंडईला दोन्ही घरी वेगवेगळा स्वयंपाक. पाहुण्यांना दोन्हीकडे जेवावं लागे. एकीकडे जेवलो तर दुसरीकडे राग. आमच्या जावयांची तर पोटं बिघडायची.

मिटवलं कोणी? सरपंचांनी प्रयत्न केला, तंटामुक्ती समितीनं केला. शेवटी मिटवलं आमच्या आतेबहिणीनं. ती वडशाहून मंडईला आली, दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मी दोन घरी जेवत नाही. दोघंही एका पंगतीत बसा, नाहीतर मी संध्याकाळच्या गाडीनं चालली." सगळ्यांना वाटलं, बोलायचं म्हणून बोलते आहे. दुपार झाली, चार वाजले, ती ओट्यावरच. पाणीसुद्धा घेतलं नाही. पाच वाजता वरच्या बांधीवाला आला आणि म्हणाला, "चाल बाई, जेवून घे." ती म्हणाली, "तो?" मग तोही आला.

त्या रात्री नाटकाला कोणी गेलं नाही. कागद घेतला आणि बोडीच्या पाण्याची पाळी लिहिली. कोणाचे किती तास, पाऊस थांबला तर आधी कोण, पाट कोणी साफ करायचा. तो कागद अजून काकांच्या घरी खुंटीला आहे. त्यानंतरही सप्टेंबर कोरडे गेले, पण पाट फुटला नाही.

ती हे करू शकली, कारण त्या बोडीत तिचा हिस्सा नव्हता. निदान तेव्हा सगळ्यांना तसं वाटत होतं.

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण तुमच्यापैकी निम्म्या घरांत हाच विषय आहे.

हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच कायदा दुरुस्त करून तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क दिला होता. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असणं गरजेचं नाही. (अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू होत नाही, त्यामुळे गोंड-हलबा बांधवांनी आपल्या बाबतीत वेगळा सल्ला घ्यावा.)

याचा नात्यावर काय परिणाम झाला? आतेभावंडं, जी आजवर हिश्शाच्या बाहेर होती, ती सात-बारावर आली. मोठी आत्या वारली आणि तिच्या चार लेकरांची नावं चढली. सहा वर्षांचा अबोला मोडणारी ती आतेबहीण आता त्याच दोन भावांची हिस्सेदार. आणि ज्यांचं भांडण तिनं मिटवलं, त्यांच्यातलाच एक जण ओट्यावर बसून म्हणाला, "आता तिलेबी पाहिजे वाटते."

तिनं मागितलं काहीच नव्हतं. दर हंगामात संमतीपत्रावर सही करायला ती वडशाहून यायची, मजुरी पाडून, स्वतःच्या तिकिटानं. आत्याच्या तेरवीच्या दिवशी आमच्याकडून कोणीतरी हक्कसोड पत्राचे कागद घेऊन गेलं. पिंड झाला, पंगत उठली आणि कागद समोर. हे आपल्याकडे सर्रास होतं, कारण त्या दिवशी सगळे एकत्र असतात आणि रडून थकलेल्या बायका वाद घालत नाहीत. ती म्हणाली, "सही करतो. पण वाचून करतो." वाचलं आणि कागद परत केला. "मायचं नाव काढाचं असंल तर मले विचारून काढा. तिच्या तेरवीले नका काढू."

मला विचाराल तर या एका वाक्यात सगळा विषय आला. बहिणीनं हक्क सोडायचा की घ्यायचा, हे तिनं ठरवावं. सोडला तर तो तिचा मोठेपणा, घेतला तर तो तिचा अधिकार. दोन्ही वेळा तिचं माहेर उघडं राहिलं पाहिजे. "हिस्सा घेतला तर माहेर तुटलं," हे वाक्य आपण किती घरांत ऐकलं आहे! भावानं हिस्सा घेतला तर त्याचं घर तुटत नाही, मग बहिणीचंच का तुटावं?

आता थोडं पुढच्या पिढीचं गणित मांडतो. पाच भावंडांना प्रत्येकी चार लेकरं, तर प्रत्येक लेकराला फक्त वडिलांकडून सोळा चुलत-आते भावंडं. दोन भावंडांना प्रत्येकी दोन, तर फक्त दोन. एकुलत्या एकाच्या मुलाला वडिलांकडून शून्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे सरासरी दोन लेकरंही नाहीत. लहान कुटुंब चांगलंच, लेकरं शिकली, बायांची बाळंतपणं कमी झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण चीननं एक मूल धोरण १९८० ते २०१५ राबवलं, तेव्हा त्या पिढीतल्या अनेकांना भाऊ-बहीण नव्हते आणि त्यांच्या लेकरांना काका-मावशी नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार १९५० साली ६५ वर्षांच्या बाईला सरासरी ४१ नातेवाईक हयात असत. २०९५ पर्यंत तो आकडा २५ वर येईल, असा अंदाज आहे.

आमच्या एकोणीस जणांची लेकरं एकमेकांना व्हॉट्सअॅपवर ओळखतात. माझ्या मुलाला त्याच्या हैदराबादच्या चुलतभावाचा गेम खेळायचा स्कोअर माहीत आहे, पण बोडी कुठे आहे ते दोघांनाही माहीत नाही. उद्या ही दोघं सात-बारावर येतील. ज्यांनी पेंढ्या एकत्र वाहिल्या, ते सहा वर्षं भांडूनही एका पंगतीत बसले, कारण भांडणाच्या आधीचं काहीतरी आठवायला होतं. ज्यांच्याकडे आठवायला काहीच नाही, त्यांच्यात वाद झाला तर मध्ये कोण बसेल? थेट वकील. म्हणून म्हणतो, वाटणीचा गुंता आपल्या पिढीनं सोडवावा. आपली ओळख आहे तोवर.

आमच्या घरी यंदा अक्षय तृतीयेला बैठक झाली. १६ पैकी १३ जण आले, तिघं व्हिडिओ कॉलवर. काका सगळ्यांत वडील, त्यांनी आधीच सांगितलं, "आवाज चढवाचा असंल त्यानं बाहेर जाऊन चढवावा." चार तास लागले. दोनदा लोक उठून गेले, दोनदा परत आले. ठरलं ते असं. महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीनं वाटणीचा अर्ज करायचा. दोन्ही आत्यांचा हिस्सा नहरीजवळच्या तुकड्यात द्यायचा, बोडीच्या शेवटी उरलेला नाही. आत्याची लेकरं कसणार नसतील तर तो तुकडा गावातल्या भावानं ठेक्यानं करायचा आणि ठेका दरवर्षी चुरणे झाल्यावर द्यायचा. बोडी कोणाच्याच वाट्याला नाही, सगळ्यांची. पाळीचा कागद तसाच चालू.

दोघं अजून तयार नाहीत. एकाला नहरीजवळचा तुकडा सोडायचा नाही. दुसरा म्हणतो, आताच कशाला. सगळ्यांची संमती नसेल तर कलम ८५ नं काम होत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि तिथं किती वर्षं जातात हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे हा विषय मिटला, असं मी म्हणत नाही. आतेबहीण म्हणाली, "मी पुन्हा ओट्यावर बसू का?" सगळे हसले. पण ते दोघं हसले नाहीत.

गावातल्या आणि बाहेरगावी असलेल्या सगळ्यांना चार गोष्टी सांगतो.

एक, आपला सात-बारा ऑनलाइन काढून बघा. कोणाचं नाव राहिलं, कोण वारलं, कोणाची वारसनोंद झाली नाही, हे घरात सगळ्यांसमोर वाचा.

दोन, वाटणी करायची असेल तर वडीलधारी माणसं आहेत तोवर करा. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय घेतला. मुद्रांक शुल्क आधीपासूनच नाममात्र आहे. आता खर्चाचं कारण पुढे करता येणार नाही. तहसीलमध्ये आधी चौकशी करून घ्या.

तीन, हक्कसोडाचे कागद तेरवीला, लग्नात किंवा राखीला पुढे करू नका. वेगळा दिवस ठरवा. बहिणीला कागद आधी द्या, तिच्या घरी तिला वाचू द्या.

चार, यंदा रोवणीला लेकरांना दोन दिवस गावी आणा. चुलत, आते, मामे, सगळ्यांना. चिखलात पडू द्या. मंडईची तारीख आताच कळवा, म्हणजे पुण्या-हैदराबादवाल्यांना रिझर्व्हेशन मिळेल.

तुमच्या घरी समाईक खात्याचा प्रश्न कसा सुटला, किंवा का सुटला नाही, ते कमेंटमध्ये लिहा. नावं टाकू नका, उगाच कोणाच्या घरात आग नको. ज्यांनी संमतीनं कलम ८५ ची वाटणी करून घेतली असेल त्यांनी कागदपत्रं काय लागली, किती दिवस गेले, हे जरूर लिहा. आमच्या त्या दोघांनाही ही पोस्ट दाखवणार आहे.